समजुतीचा कागद

रत्नागिरी,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी हिस,

तू वेदिकेला घेऊन चिपळूणला गेलीस त्याला येत्या पंधरवड्यात नऊ महिने होतील. या काळात मी तुला एकही पत्र लिहिले नाही. लिहायला बसलो की पहिल्याच वाक्यात मी स्वतःचे समर्थन करू लागतो, आणि वाक्य पूर्ण झाल्यावर ते मलाच वाचवत नाही. आजही तसे होण्याचा संभव आहे. झाले तर पत्र मध्येच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

प्रथम कामाचे. काल सकाळी काशीराम आला होता. पाळणाघरातल्या प्रकारावरून सावित्रीवर खटला उभा राहिल्यापासून तिच्या या नवऱ्याने आपल्या पडवीत पाऊल ठेवले नव्हते. चाळीस वर्षे जो माणूस विचारल्याशिवाय झोपाळ्यावर बसायचा, तो काल पायरीवर उभा राहिला.

“गुरुजी, तब्येत काय म्हणते?”

“तब्येत काही म्हणत नाही. तू म्हण.”

“आमचे वकील सांगत होते, तुम्ही आमच्या बाजूनं साक्षीला या. फार काही नाही हो. कागद तुमच्या हातचा, सही तुमची, एवढंच सांगायचं.”

“कागदात काय लिहिले आहे, ते ठाऊक आहे तुला?”

“अपघात म्हणून लिहिलंय. ‘अनवधानाने घडलेला अपघात.’ आम्हाला कुठलं सुचायला असलं? तुमचेच शब्द.”

माझेच शब्द. आळीत वाद झाला की देवळाच्या सभामंडपात बैठक बसते आणि बैठक उठली की कागद मी लिहितो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. कुंपणाच्या गडग्याची हद्द, सामाईक विहीर, शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात आधी टेकवायची, असे सगळे कागद माझ्या हातचे आहेत आणि त्यांतला एकही पुढे कोणी नाकारलेला नाही. याचा मला अभिमान होता. तेरा फेब्रुवारीच्या बैठकीतही मी त्याच सवयीने लेखणी उघडली. तू सभामंडपाच्या खांबाशी उभी राहून म्हणालीस, “बाबा, हे विहिरीचं भांडण नाही. पोरीचा तळहात भाजलाय.” मी तुला खाली बसायला सांगितले.

तू सही करण्यास नकार दिलास. तेव्हा ‘मुलीचे पालक या नात्याने’ असे लिहून मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस. चिपळूणच्या ठाण्यात तू फिर्याद दिलीस आणि तिथून ती रत्नागिरीला वर्ग झाली, हे मला वर्तमानपत्रातून कळले.

माझी बाजू एवढीच की सावित्री माझी विद्यार्थिनी. इयत्ता आठवी ते दहावी, पहिला बाक. विनीतराव वर्षातले आठ महिने जहाजावर, तू दिवसभर बँकेत, आणि माझे वय अठ्ठ्याहत्तर. वेदिकेला कोठे ठेवायचे हा प्रश्न आपल्या सर्वांचा होता आणि उत्तर मी दिले होते. आता पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले, की समर्थन सुरू झाले आहे. ते येथेच थांबवतो.

काशीरामने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यात वेदिकेच्या अंगावरील भाजल्याच्या दोन व्रणांची नोंद आहे. एक उजव्या तळहातावरचा, ताजा. दुसरा डाव्या पोटरीवरचा, तीनेक आठवड्यांपूर्वीचा. तो जानेवारीतला ठरतो, आणि जानेवारीत तू दहा दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली होतीस. “तो वण घरचाच असणार, असं वकील मांडणार आहेत,” तो म्हणाला. “आई गावाला, पोर म्हाताऱ्या माणसावर टाकलेलं. मग हातावरचा तरी आमच्याकडचा कशावरून? वाईट वाटून घेऊ नका, गुरुजी. कोर्टात असं बोलावं लागतं.”

मी त्याला होकार दिला नाही. नकारही दिला नाही. विचार करून कळवतो, असे म्हणालो.

जुन्या वणाविषयी मला अधिक काही लिहायचे नाही.

वेदिकेला आशीर्वाद.

तुझे बाबा


रत्नागिरी,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी हिस,

मागील पत्राचे उत्तर आले नाही. ते यावे, अशी अटही मी घातली नव्हती.

काल मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो होतो. तुझ्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करणाऱ्या राही वकील तेथे बसतात, हे मला ठाऊक होते. वयाने तुझ्याहून लहान असाव्यात. बाकावर माझ्यापुढे मंडणगडहून आलेली एक बाई होती. ती उठेपर्यंत तासभर लागला. त्या तासात भिंतीवरच्या फलकातील ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका मी मोजल्या. बाराव्या चुकीपर्यंत पोहोचण्यापूर्वी मी फलकात काय लिहिले आहे ते वाचू लागलो. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न विचारता विनामूल्य वकील मिळतो, असे त्यात लिहिले होते. हा फलक तेथे कित्येक वर्षे आहे म्हणतात. मी त्या रस्त्याने रोज फिरायला जातो.

मी माझे नाव सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

“कागदवाले आजोबा तुम्ही?”

“होय.”

“अक्षर फार सुंदर आहे तुमचं. त्या अक्षरानं आम्हाला किती ताप दिलाय, कल्पना आहे?”

मी विचारले, की त्या फेब्रुवारीत, कागद लिहिण्याऐवजी, मी काय करू शकलो असतो? त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “आता कशाला विचारता?” मी म्हणालो, “मला ठाऊक असले पाहिजे.” त्यांनी सांगितले ते जसे आठवते तसे लिहितो. तू यांतले बरेचसे स्वतः केले आहेस. माझी शिकवणी उशिराची आहे.

पोरीला पाहिल्याबरोबर एक हजार अठ्ठ्याण्णव हा क्रमांक फिरवता आला असता. मुलांसाठीची ती मदत अहोरात्र चालू असते. पोलीस ठाण्यात तर त्याच संध्याकाळी जायला हवे होते. तापलेल्या वस्तूने इजा करणे हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात मूल विश्वासाने सोपवले त्यानेच क्रूरपणे वागवले, तर बाल न्याय कायद्यात त्याला वेगळी शिक्षा आहे. ठाणे कोणतेही चालते. तू चिपळुणात केलेस तसे. ठाण्याने टाळाटाळ केली असती, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे, आणि तेथेही दाद मिळाली नाही, तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे. लहान मुलाला ठाण्यात नेण्याची गरज नसते. जबाब घरी येऊन घेतात. बाल कल्याण समितीकडे गेलो असतो, तर पोरीच्या मनावर झालेल्या परिणामाकडे पाहणारे कोणी तरी पहिल्याच आठवड्यात मिळाले असते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांना कळवले असते, तर त्या पाळणाघराची तपासणी होऊन उरलेल्या सात मुलांची तरी सुटका झाली असती.

त्या सात मुलांचा विचार मी तोपर्यंत केलेला नव्हता.

“आणि फौजदारी खटला चालू असतानाही,” त्या म्हणाल्या, “भरपाईचा दिवाणी दावा वेगळा लावता येतो. पाळणाघर मोबदला घेऊन चालतं, म्हणून ग्राहक आयोगाकडेही जाता येतं; त्याला दोन वर्षांची मुदत आहे. ते तुमच्या मुलीचं तिनं ठरवायचं.”

“मग माझ्या कागदाने यांपैकी कोणते दार बंद झाले?”

“एकही नाही. असल्या गुन्ह्यात गावकीची तडजोड चालतच नाही. शिवाय पालक आई. तुमची सही कायद्यानं कोणाचीच सही नाही.”

“तर मग तो ताप कसला?”

“दार बंद झालं नाही, आजोबा. पण आत गेल्यावर समोरचा वकील विचारणार की सख्खे आजोबा अपघात म्हणतायत, तुम्ही कशावरून गुन्हा म्हणता. आणि आजोबा कोण, तर अर्ध्या रत्नागिरीचे गुरुजी.”

हे त्या कोणत्याही तिरकसपणाशिवाय बोलल्या. नंतर त्यांनी विचारले, “पोटरीवरच्या जुन्या वणाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे?”

मी छत्री उचलली आणि म्हणालो, की मला आठवावे लागेल.

माझी स्मृती उत्तम आहे, हे तुला ठाऊकच आहे. शाळेतील चौतीस वर्षांचे हजेरीपट मी अजून म्हणून दाखवीन.

तुझे बाबा


रत्नागिरी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी,

आज दुपारी मी तुळसाच्या घरी गेलो होतो. सावित्रीच्या पाळणाघरात ती केरवारे आणि मुलांचे कपडे धुण्याचे काम करीत असे. फेब्रुवारीतला प्रकार तिने पाहिला होता आणि तिनेच तुला सांगितले. पोलिसांना तिने जबाब दिला आहे. पण आता ती न्यायालयात येणार नाही, असे कानावर आले, म्हणून गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती. मला पाहून उठली नाही. पूर्वी उठत असे.

“तुळसा, साक्षीला जाणार नाहीस असे ऐकतो.”

“बराबर आयकलात.”

“का बरे?”

“का म्हंजे? बैठकीत मी तोंड उघडलं तं तुमीच बोललात, मोठी मानसं बोलतायत, तू गप ऱ्हा. आता मी गपच ऱ्हायल्ये. आता काय इचारता, गुरुजी?”

मी म्हणालो, की ते माझे चुकले. तिने सूप पाखडून बाजूला ठेवले. मग स्वतःहूनच बोलू लागली. तिचे शब्द मी जसेच्या तसे देतो. त्यांना हात लावण्याची माझी छाती नाही.

“पोरगी चड्डीत मुतली म्हनून कालथा तापवलान आनि हातावर ठेवलान. मंग न्हाणीत कोंडलान. मी कडी काढाया गेल्ये तं मलाच बोलली, पगार नको काय गो तुला? आनि ती काय पयली बारी न्हवती. त्याच्या आदी पोटरीवर येवढा फोड आलता पोरीच्या. तुमाला दिसला नाय? तुमी तं रोज हात धरून न्यायचात, हात धरून आनायचात.”

मी सुपातल्या सुकटीकडे पाहू लागलो. ती माझ्याकडे पाहत होती.

“दिसला व्हता,” ती म्हणाली. “मंग ऱ्हाऊं दे. तुमी सावित्रीबायकडनं हुबं ऱ्हानार, असं काशीरामशेट बाजारात सांगतोय. गुरुजी तिकडं असले तं माजं कोन आयकनार? तुमी खरं बोलनार असलात तं मी येत्ये. नायतर मला माज्या पोटाचं बघूं दे.”

ज्ञानेश्वरी, आता मला लिहिलेच पाहिजे.

मी दैनंदिनी लिहितो, हे तुला ठाऊक आहे. पाऊस किती पडला, कोण भेटले, कोणते पुस्तक वाचले. तू नेहमी थट्टा करायचीस, की बाबांच्या वहीत वारासुद्धा शुद्धलेखनाचे नियम पाळून वाहतो. बुधवार, २२ जानेवारी २०२५ या दिवशीची नोंद मी खाली उतरवीत आहे.

‘सायं. ५ वाजता वेदिकेस आणले. वाटेत लंगडत होती. घरी येऊन पाहता डाव्या पोटरीवर दोन बोटे रुंदीचा भाजल्याचा फोड, कडा सरळ. “काय झाले?” असे विचारता “सावित्री आजीने कालथा लावला,” असे म्हणाली. कोरफडीचा गर लावला. सावित्रीस जाऊन विचारले. पोर चुलीशी आले, चुकून लागला, म्हणाली. तिचे म्हणणे मान्य केले. ज्ञानेश्वरीस पुण्यास कळवले नाही. उगाच काळजी करील.’

म्हणजे फेब्रुवारीतल्या तळहाताच्या आधी वीस दिवस वेदिकेने मला सांगितले होते. तुला कोणी सांगण्यापूर्वी तिने मला सांगितले होते.

नोंदीत एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती अशी. त्या संध्याकाळी मी तिला मांडीवर घेतले आणि म्हणालो, “हे आईला सांगायचे नाही हं. आई घाबरेल.” तिने मान डोलावली. माझे ती नेहमीच ऐकत असे. तू परत आलीस तेव्हा खपली निघत होती. तू विचारलेस, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “डास चावला होता, खाजवून खाजवून केलेन तिने.” फोड पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता तिचा हात धरून मी तिला पुन्हा त्याच दारात नेऊन सोडले. त्यानंतरही रोज सोडले. दारात ती माझे धोतर धरायची आणि मी तिची बोटे एक एक करून सोडवायचो.

का, असे तू विचारशील. सावित्रीने पाळणाघर काढले, तेव्हा तिने माझ्याकडून शिफारसपत्र लिहून घेतले होते. ‘बालसंगोपनास आवश्यक असलेले वात्सल्य आणि सहनशीलता हे दोन्ही गुण यांच्या ठायी आहेत.’ ते तिने चौकटीत घालून भिंतीवर लावले. लोक ते वाचून मुले ठेवीत. तू कुरकुरलीस तेव्हा मीच तुला ते दाखवायला नेले होते. तो फोड खरा मानायचा, तर ती चौकट उतरवावी लागली असती, आणि तेवढे माझ्याच्याने झाले नाही. पुढे बैठकीत ‘अनवधानाने घडलेला अपघात’ हे शब्द लिहिताना मला ठाऊक होते की ते खोटे आहेत. बैठकीतल्या इतर कोणाला ठाऊक नसेल, मला होते.

आता ते वकील म्हणणार आहेत, की जुना वण घरचा. म्हणजे तुझ्या दुर्लक्षाचा. मी गप्प बसलो, तर ते ग्राह्य धरले जाण्याचा संभव आहे. वही काढली, तर मी काय आहे ते सर्वांना कळेल आणि सर्वांत आधी तुला.

तुला आता कळले आहेच.

उद्या सकाळी वही घेऊन राही वकिलांकडे जातो.

बाबा


रत्नागिरी,
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरी,

वही पोलिसांनी पंचनामा करून ताब्यात घेतली. माझा पुरवणी जबाब झाला. लिहून घेणारा हवालदार माझाच विद्यार्थी निघाला. “सर, ‘फोड’ लिहू की ‘इजा’?” त्याने विचारले. मी म्हणालो, “वहीत आहे तेच लिही.” तुळसा येणार आहे. तिने स्वतः राही वकिलांना तसे सांगितले.

काशीरामला मी त्याच्या घरी जाऊन सांगितले, की तुझ्या बाजूने मी येणार नाही. समोरच्या बाजूने येईन. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढे चाळीस वर्षांच्या ओळखीचे देणे होते. सावित्री आतल्या दारात उभी होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तेव्हा मी तुम्हाला चुकून लागलं म्हटलं. तुम्ही मानलंत. तेव्हा ओरडला असतात तर मी थांबले असते.”

हे तिचे पापक्षालन नव्हे, आणि मी ते तसे मानलेही नाही. आठ मुले आणि एकटी बाई, जीव मेटाकुटीला येतो, वगैरे ती पुढे बरेच बोलली. चार वर्षांच्या मुलीच्या हातावर तापलेला कालथा ठेवायला एवढे कारण पुरत नाही. पण तिच्या त्या वाक्याचा मला विसर पडत नाही.

“वीस मुलांची लग्नं जमवलीत तुम्ही या आळीत,” काशीराम म्हणाला, “आणि म्हातारपणी घर मोडायला आलात माझं.”

बैठकीचे कागद लिहिण्याचे काम आता मी करीत नाही. कोणी सांगायला आले नाही, मीच कळवले. विहिरीच्या पंपाचा वाद निघाला आहे. तो त्यांनी तोंडीच ठेवला आहे.

तुझे उत्तर नाही. मी ते मागत नाही. विनीतरावांचा मात्र जहाजावरून दूरध्वनी आला होता. पत्र वाचून तू दोन दिवस कामावर गेली नाहीस, असे ते म्हणाले. आणखी काही बोलायचे त्यांच्या मनात होते. पण ते सभ्य गृहस्थ आहेत.

बाबा


रत्नागिरी,
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. ज्ञानेश्वरी,

परवा न्यायालयात माझी साक्ष चालू असताना तू शेवटच्या बाकावर बसली होतीस. त्यामुळे जे तू ऐकलेस ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही. तरीही एका ठिकाणी माझा आवाज बसला होता, तो भाग तुझ्यापर्यंत पोहोचला की नाही याची मला शंका आहे. म्हणून तेवढे लिहितो.

त्यांच्या वकिलांनी कागद माझ्यापुढे धरला.

“हे हस्ताक्षर आपलं?”

“माझे.”

“मजकूरही आपलाच?”

“माझाच.”

“खरा?”

“खोटा. लिहिताना मला ते ठाऊक होते.”

“म्हणजे गुरुजी खोटे कागद लिहितात.”

“एकदा लिहिला.”

“मग ही वही तरी खरी कशावरून? तीही आपल्याच हातची.”

“कागद लोकांना दाखवण्यासाठी लिहिला होता. वही कोणाला दाखवायची नव्हती.”

मागे कोणी तरी हसले. न्यायाधीश महाराजांनी वर पाहिले. वकिलांनी मग कागद बाजूला ठेवून हळू आवाजात विचारले, “चार वर्षांचं पोर भाजलेलं पाहूनही, आजोबा असून, आपण गप्प बसलात?” येथे माझा आवाज बसला. मी म्हणालो, “होय.” त्यांनी विचारले, “मग आज आपल्यावर कोणी का विश्वास ठेवावा?” मी म्हणालो, “माझ्यावर ठेवू नये. पोरीवर ठेवावा. तिने मला पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते.”

लघुलेखकाने ते पूर्ण उतरवले की नाही, ते मी विचारले नाही. आयुष्यात प्रथमच मी सांगितलेला मजकूर न तपासता त्याखाली सही केली.

तुळसाची साक्ष माझ्यानंतर झाली. ती माझ्याहून पुष्कळ चांगली बोलली. वकिलांनी दोनदा तिला प्रमाण भाषेत बोलायला लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, “सायेब, चटका लागल्यावं पोर वरडली ती काय पुस्तकातलं वरडली?” निकाल काय लागेल ते मी जाणत नाही. राही वकील म्हणतात, की आता जुना वण घरचा हे कोणी म्हणू शकणार नाही, आणि तुझ्यावरचा ठपका गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी युक्तिवाद होतील. ग्राहक आयोगाची मुदत पुढच्या जानेवारीत संपते. ती धरून तुझा अर्ज त्यांनी तयार ठेवला आहे. मला वाचायला दिला होता. मी त्यात काहीही दुरुस्त केले नाही.

व्हरांड्यात तू मला म्हणालीस, “तुमची साक्ष वकिलांच्या उपयोगी पडली, बाबा. माझ्या नाही.” ते योग्यच होते आणि त्यावर मला काही म्हणायचे नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण निराळे आहे. त्या दिवशी दुपारी वेदिकेचाही जबाब होता आणि तिला तू आणले होतेस, हे मला कोणी सांगितले नव्हते. ठाऊक असते तर मी साक्ष संपताच निघून गेलो असतो. मी पाणी पिऊन वळलो, तेव्हा मुलांसाठीच्या त्या खोलीच्या दारात ती तुझ्याजवळ उभी होती. उंच झाली आहे. पुढचा एक दात पडला आहे. तिने मला पाहिले आणि ती तुझ्या मागे गेली. तुला वाटले असेल, की म्हाताऱ्याला ऐकू आले नाही. मला ऐकू आले. तिने विचारले, “आई, आजोबा मला तिकडे सोडायला आलेत?”

पाच वर्षांच्या मुलीने वर्षभर माझी जी आठवण जपून ठेवली आहे, ती हीच आहे. गोष्टी सांगणारा, पाटीवर अक्षरे गिरवून घेणारा, खांद्यावरून भाट्याच्या किनारी वाळूवर नेणारा आजोबा मी तिला होतो, असे मी समजत होतो. तोही असेन. पण त्या सगळ्याच्या अखेरीस मी तिची बोटे सोडवून परत फिरणारा माणूस होतो. न्यायालय सावित्रीला शिक्षा देईल किंवा देणार नाही. माझा निवाडा मात्र परवा झाला, आणि त्यावर अपील नाही.

म्हणून मी ठरवले आहे, की पुढच्या तारखांना मला बोलावले तर येईन, पण ती असेल त्या दिवशी आवारात थांबणार नाही. तिला माझ्याकडे आणण्याचा आग्रह तू किंवा विनीतरावांनी माझ्यासाठी करू नये. तिला कधी स्वतःहून विचारावेसे वाटले, तर मी येथेच आहे. न वाटले, तरी येथेच आहे.

आणि एक. तिच्या प्रश्नाला तू जे उत्तर दिलेस, तेही मी ऐकले. तू खाली बसलीस, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलास आणि म्हणालीस, “नाही गो. ते सोडायला नाही आले. ते सांगायला आलेत.” ती म्हणाली, “काय सांगायला?”

तोपर्यंत मी मागच्या जिन्यावर पोहोचलो होतो. तू तिला काय सांगितलेस, ते मला ऐकू आले नाही.

बाबा